सीबीसीत पेशी वाढलेल्या दिसल्या? सांगली-साताऱ्याकडच्या माणसाने पुढे काय करायचं

सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये एखाद्या आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘एच’ (हाय, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त) छापून आला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काही नसतं, मशीन दाखवतंय. दुसरा मोबाइलवर शोधतो आणि दहा मिनिटांत ब्लड कॅन्सरवर येऊन थांबतो. पहिल्याच्या नादाने आजार अंगावर काढला जातो आणि दुसऱ्याच्या नादाने झोप उडते. आमच्या तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या रिपोर्टपासून मी या वाटेने गेलो. पलूसच्या लॅबपासून मिरजेच्या ओपीडीपर्यंतच्या रांगांत जे कळलं, ते इथे क्रमाने मांडतो. मी डॉक्टर नाही. औषध सांगणार नाही. डॉक्टरांसमोर बसताना तुमच्या हातात काय हवं आणि डोक्यात कोणते प्रश्न हवेत, एवढंच सांगेन.

१. नेमकं काय वाढलंय ते बघा

“पेशी वाढल्यात” असं कुणी सांगितलं की आधी विचारा, कुठल्या? रक्तात तीन प्रकारच्या पेशी मोजतात आणि तिघींची कारणं वेगवेगळी.

तांबड्या पेशींसाठी रिपोर्टवर तीन ओळी असतात: हिमोग्लोबिन, आरबीसी काउंट आणि पीसीव्ही. पीसीव्हीला काही लॅब हिमॅटोक्रिट म्हणतात. शंभर भाग रक्तात पेशींचा भाग किती, ते पीसीव्ही सांगतो. पुरुषांत साधारण ४० ते ५० आणि बायकांत ३६ ते ४६ धरतात.

पांढऱ्या पेशींची ओळ डब्ल्यूबीसी किंवा टीएलसी. मोठ्या माणसात ४,००० ते ११,००० ठीक.

प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख.

आता एककाचा घोळ. एक लॅब ११,२०० छापते, दुसरी ११.२ छापून शेजारी बारीक अक्षरात हजाराचं एकक देते. प्लेटलेट कुणी ४.८ लाख लिहितं, कुणी ४८०. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून “अकरा हजारांवरून एकदम अकरावर आल्या” असं घाबरून सांगणारी माणसं मी रांगेत पाहिलीत. आकड्याआधी एकक वाचा.

दुसरा घोळ टक्क्यांचा. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार टक्केवारीत देतात: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. एकाचा टक्का वाढला म्हणजे त्या पेशी वाढल्याच असं नाही. दुसऱ्या कमी झाल्या तरी टक्का वर जातो. एकूण आकड्याला टक्क्याने गुणा आणि शंभराने भागा. एकूण ५,००० पैकी लिम्फोसाइट ५० टक्के, म्हणजे २,५००. मोठ्या माणसाला हे बरोबर आहे, तरी टक्क्यापुढे ‘एच’ छापून येतो. डॉक्टर हा दुसरा आकडा बघतात. रिपोर्टवर तो ‘ॲब्सोल्यूट’ या शब्दाखाली असतो. लहान मुलांच्या मर्यादा तर पूर्ण वेगळ्या आहेत. पोराचा रिपोर्ट मोठ्यांच्या रकान्याशी जुळवू नका.

२. कधी थांबायचं नाही

पुढच्या पायऱ्या सवडीने करायच्या आहेत. पण खालचं काही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

- तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, एका डोळ्याला अचानक न दिसणं
- छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं
- हिरड्यांतून किंवा नाकातून थांबत नसलेलं रक्त, अंगावर आपोआप उठणारे काळेनिळे डाग
- रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टने ‘ब्लास्ट’, म्हणजे पूर्ण न वाढलेल्या कच्च्या पेशी दिसल्याचं लिहिलेलं असणं
- पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या पुढे किंवा प्लेटलेट दहा लाखांच्या पुढे असणं

आणि एक पावसाळ्यातली गोष्ट. डेंगीच्या तापात घरातले सगळे प्लेटलेटकडे डोळे लावून बसतात. आज किती, काल किती, ड्रॅगन फ्रूट आणू का. त्याच रिपोर्टमध्ये पीसीव्ही ४० वरून ४८ वर गेलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. डेंगीत रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपायला लागलं की पीसीव्ही चढतो, आणि हे धोक्याचं लक्षण आहे. ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांत हे जास्त होतं, म्हणजे नेमकं “आता बरं वाटतंय” म्हणून घरी जायची घाई असते तेव्हा. पोटात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील आणि पीसीव्ही चढत असेल, तर पेशंटला घरी ठेवू नका.

३. आकडा खरा आहे का, ते ठरवा

एका रिपोर्टवर निदान होत नाही. पुन्हा तपासायचं, पण नीट.

आपल्याकडे साखरेच्या तपासणीबरोबरच सीबीसी करतात. त्यासाठी उपाशी राहायचं, तर माणूस पाणीही पीत नाही. त्यात आटपाडी-जतचं एप्रिलचं ऊन, एसटीची वाट बघणं, लॅबची गर्दी. रक्त काढेपर्यंत अकरा वाजतात. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी तेवढ्याच असूनही रक्त दाट दिसतं, हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही वर जातात. जुलाब-उलट्यांनंतर, दिवसभर ऊसतोडणी करून आल्यावर किंवा रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असतानाही असंच दिसू शकतं. सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही. फक्त तेवढीच तपासणी असेल तर खाऊन-पिऊन जा. उपाशी पोटाची साखरही द्यायची असेल तरी साधं पाणी चालतं.

पुन्हा तपासताना एवढं पाळा:

- आदल्या दिवसापासून नेहमीसारखं पाणी प्या. जायच्या आधी पळापळ, जिम, जिने टाळा. व्यायामाने पांढऱ्या पेशी थोड्या वेळापुरत्या चढतात.
- दंडाला बांधलेला पट्टा बराच वेळ आवळलेला राहिला तर सैल करायला सांगा. त्यानेही रक्त दाट दिसतं.
- शक्यतो त्याच लॅबमध्ये जा, म्हणजे यंत्राचा फरक मध्ये येत नाही. नमुना गोळा करून दुसऱ्या गावी पाठवणाऱ्या केंद्रापेक्षा तिथेच तपासणारी लॅब बरी.
- ताप, गळू, दाढेचा ठणका, नुकतंच ऑपरेशन असं काही असेल तर ते निवळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासा. दुसऱ्या मुद्द्यातलं काही असेल तर मात्र अजिबात थांबायचं नाही.
- सीबीसीबरोबर ‘पेरिफेरल स्मिअर’ मागा. यात रक्ताचा थेंब काचेवर पसरून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघतो. यंत्र पेशी मोजतं, पण फसतंही. तांबड्या पेशी फारच लहान किंवा तुटलेल्या असल्या तर यंत्र त्यांनाच प्लेटलेट समजतं. स्वस्त तपासणी आहे आणि माझ्या मते तिच्यावर खर्च केलेला रुपया सगळ्यात जास्त कामाचा.

४. जुने रिपोर्ट शोधा

हिमोग्लोबिन १७.८ आहे, या एका वाक्यातून डॉक्टरांना फार काही कळत नाही. पाच वर्षांपूर्वी १५ होतं, तीन वर्षांपूर्वी १६.४ आणि आता १७.८, यातून सगळं कळतं. “माझ्याकडे जुनं काही नाही” असं आपण पटकन म्हणतो, पण असतं. बाळंतपणाची फाइल, मोतीबिंदू किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या, साखर कारखान्यातली किंवा एमआयडीसीतल्या कंपनीतली वार्षिक तपासणी, विम्याची मेडिकल, कोरोनाच्या वेळचे कागद. त्या साथीत आपल्याकडे घरटी कुणाची ना कुणाची सीबीसी झाली होती.

एका कागदावर तारीख, हिमोग्लोबिन, पीसीव्ही, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि एमसीव्ही असे रकाने करा आणि जुन्यापासून नव्यापर्यंत भरा. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असतो आणि पुढे आपल्याला लागणार आहे.

५. तांबड्या पेशी वाढल्या असतील तर स्वतःला हे विचारा

हिमोग्लोबिन जास्त म्हणजे रक्त चांगलं, हा आपल्याकडचा पक्का समज. कमी रक्ताची सवय असलेल्या आपल्या लोकांना १८ चा आकडा म्हणजे बक्षीसच वाटतो. तात्यांचा चेहरा लालबुंद झाला तेव्हा अख्खी भावकी म्हणाली, तब्येत सुधारली. पण गुऱ्हाळातला रस आटून काकवी होते तसं रक्त दाट झालं की बारीक शिरांतून ते सहज वाहत नाही, गुठळ्या व्हायची भीती वाढते.

शरीर तांबड्या पेशी बहुधा प्राणवायू कमी पडतो म्हणून वाढवतं. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि हाडांतला मगज कामाला लागतो. म्हणून आधी प्राणवायू कुठे कमी पडतोय ते शोधायचं.

*बिडी-सिगारेट.* धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. तंबाखू मळणाऱ्याच्या किंवा मिश्री लावणाऱ्याच्या रक्तात या धुराचा प्रश्न नाही (त्यांचे धोके वेगळे आणि ते काही कमी नाहीत). कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून “माझं ९८ आहे” असं सांगू नका. साधा ऑक्सिमीटर प्राणवायू लागलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड लागलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. बिडी ओढणाऱ्याला तो खोटं समाधान देतो.

*चूल, गुऱ्हाळ, भट्टी.* वर्षानुवर्षं धुरात काम केलेल्या बाईला बिडी न ओढताही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार होतो. विटा-खानापूरकडचे गलाईवाले देशभर सोन्या-चांदीच्या भट्ट्यांपुढे आयुष्य काढतात. डॉक्टर ‘काम काय करता’ विचारतात तेव्हा “धंदा आहे” एवढ्यावर सोडू नका. बंद खोलीत भट्टी होती का, धूर जायला वाट होती का, हे सांगा.

*घोरणं.* झोपेत श्वास थांबत-थांबत घोरणं म्हणजे स्लीप ॲप्निया. रात्रीतून प्राणवायू पुन्हा पुन्हा खाली जातो. हे पेशंटला स्वतःला कळत नाही, बायकोला किंवा नवऱ्याला कळतं. म्हणून ओपीडीत जोडीनं जा.

*उंची.* महाबळेश्वरला राहतो म्हणून हिमोग्लोबिन वाढलं, असं एकाने मला गंभीरपणे सांगितलं. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. एवढ्या उंचीने असा फरक पडत नाही. लेह मात्र सुमारे ३,५०० मीटरवर. आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, घरोघरी फौजी. लडाखहून सुट्टीवर आलेल्या जवानाची दुसऱ्याच आठवड्यात सीबीसी केली तर हिमोग्लोबिन वाढलेलं दिसणारच. खाली राहिल्यावर काही आठवड्यांत ते उतरतं. पोस्टिंग कुठे होतं ते डॉक्टरांना सांगितलं की पुढच्या अर्ध्या तपासण्या वाचतात.

*औषधं आणि इंजेक्शनं.* मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी हिमोग्लोबिन-पीसीव्ही थोडं चढू शकतं. मनाने बंद करू नका, फक्त यादीत लिहा. आणि जिमवाल्या पोरांनो, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं लपवू नका. सांगली-कोल्हापूर म्हणजे तालमीचा मुलूख. आता तालमीशेजारी जिम आणि जिमशेजारी पावडर-इंजेक्शन आलंय. पंचविशीतल्या धडधाकट पोराचं हिमोग्लोबिन १९ असेल तर अनुभवी डॉक्टर हा प्रश्न आधी विचारतात. आईबापांसमोर सांगवत नसेल तर त्यांना बाहेर बसवा, पण सांगा.

*मूत्रपिंड, यकृत, हृदय.* मूत्रपिंडातल्या गाठी, यकृतातल्या काही गाठी स्वतःच ते संप्रेरक सोडतात. म्हणून पोटाची सोनोग्राफी सांगतात. जन्मजात हृदयदोषातही पेशी वाढतात.

यातलं काहीच जुळत नसेल तर बोनमॅरोच्या, म्हणजे हाडांतल्या मगजाच्याच आजाराचा विचार येतो. त्याचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. तात्यांचं हेच निघालं. त्याची एक खूण लक्षात ठेवा: गरम पाण्याने अंघोळ केल्यावर पुरळ न उठता अंगभर खाज. तात्यांना ती खाज दोन हिवाळे होती आणि घरात खरजेचं मलम, कडुनिंबाचा पाला, साबण बदलणं, सगळं झालं होतं. तळहात-तळपाय लाल होऊन आग होणं, डोकं जड राहणं, डाव्या बरगडीखाली प्लीहा वाढल्याने थोडं जेवून पोट भरल्यासारखं वाटणं, ह्याही खुणा.

इथे एक बारीक सापळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची शंका घ्यायची रेषा पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ च्या वर किंवा हिमॅटोक्रिट ४९ च्या वर आणि बायकांत १६ किंवा ४८ च्या वर अशी ठेवलीय. अनेक लॅब पुरुषांची वरची मर्यादा १७ किंवा त्याहून जास्त छापतात. म्हणजे ‘एच’ नसलेला रिपोर्टही विचारण्यासारखा असू शकतो, विशेषतः सोबत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही वर असतील तर.

आणि उलटी गंमत: आरबीसी काउंट जास्त, हिमोग्लोबिन मात्र कमी. आरबीसी ६० लाख, हिमोग्लोबिन ११, एमसीव्ही ६५. यात रक्त दाट नसतं. हे थॅलेसेमिया मायनर असू शकतं, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आलेला जनुकातला दोष. पटकन अंदाज घ्यायचा हिशोब असा: एमसीव्हीला आरबीसीच्या आकड्याने (दशलक्षात) भागा. ६५ भागिले ६ म्हणजे १०.८. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरची शंका, वर आलं तर लोहाची कमतरता जास्त शक्य. हा फक्त अंदाज, खात्री हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी तपासणीने होते. या माणसाला स्वतःला सहसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारं, होण्याची शक्यता २५ टक्के. आपल्याकडे मामाच्या पोरीशी लग्न अजून होतात, आणि दोष एकाच घराण्यातून येत असेल तर दोघांकडेही तो असण्याची शक्यता वाढते. पत्रिका बघता तशी ही तपासणीही बघा. ती जास्त उपयोगाची, असं माझं स्पष्ट मत.

६. पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर

यात सगळ्यात जास्त घाबरतात आणि यातच साधी कारणं सगळ्यात जास्त. जंतुसंसर्ग हे पहिलं. मग शरीरावर आलेला कुठलाही ताण: भाजणं, अपघात, ऑपरेशन, हार्ट ॲटॅक. गरोदरपणात वाढतात, बाळंतपणाच्या वेळी तर चांगल्याच. बिडी-सिगारेटवाल्यांत कायम थोड्या वर असतात.

स्टेरॉइडकडे नीट लक्ष द्या. दमा, संधिवात, ॲलर्जीसाठी घेतलेल्या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात. पेशंटला कित्येकदा माहीतच नसतं की गेल्या आठवड्यात “ताकदीचं” म्हणून दिलेल्या इंजेक्शनात किंवा सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड होतं. मग पेशी वाढल्या म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं, पेशी उतरत नाहीत म्हणून दुसरं. ताप नाही, दुखणं नाही आणि फक्त आकड्यासाठी तिसरं अँटिबायोटिक हाती पडत असेल तर विचारा: “डॉक्टर, संसर्ग नक्की कुठे आहे?”

इओसिनोफिल ५०० च्या वर असतील तर दमा, ॲलर्जी, एखादं औषध आणि पोटातले जंत ही नेहमीची मंडळी. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत आकडीकृमी आजही सापडतात. बिहार, उत्तर प्रदेश किंवा पूर्व विदर्भ अशा हत्तीरोगाच्या भागात राहून आला असाल आणि रात्रीचा कोरडा खोकला असेल तर तेही सांगा. त्या जंतूमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार दम्यासारखाच दिसतो, औषध मात्र वेगळं.

गंभीर आजार कधी मनात आणायचा? आकडा दर वेळी चढतोय, वजन उतरतंय, रात्री घामाने अंथरूण भिजतंय, गळ्यात-काखेत गाठी आहेत, प्लीहा वाढलीय, किंवा पांढऱ्या वाढताना हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरताहेत. साठीच्या पुढे लिम्फोसाइट ५,००० च्या वर महिनोन्‌महिने राहिले तर सीएलएल, हा सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग, आहे का ते तपासतात. त्यात अनेकांना वर्षानुवर्षं उपचार लागत नाहीत, फक्त नजर ठेवतात. न्यूट्रोफिलबरोबर बेसोफिल वाढलेले आणि प्लीहा मोठी असेल तर सीएमएल, हा रक्ताच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार. हे नाव ऐकून लोक खचतात, पण त्यावर इमॅटिनिबसारखी रोजची गोळी २००१ पासून आहे. भारतात ती जेनेरिक मिळते, आणि वेळेवर सुरू केली व न चुकता घेतली तर माणसं कामधंदा करत जगतात.

७. प्लेटलेट वाढल्या असतील तर

साडेचार लाखांच्या पुढे गेल्या की आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासा. लोहाची कमतरता प्लेटलेट वाढवते, आणि हे आपल्याकडच्या बायकांत अगदी नेहमीचं आहे. पाळीत जास्त रक्त जातंय, हिमोग्लोबिन ९, एमसीव्ही ७०, प्लेटलेट साडेपाच लाख. लोह भरून आलं की प्लेटलेट आपोआप खाली येतात. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं तर रक्त कुठे जातंय ते शोधायलाच हवं: मूळव्याध, अल्सर, आतड्याची गाठ. नुसत्या टॉनिकवर भागवू नका.

बाकी कारणं: जुनाट संसर्ग, त्यात क्षयरोग आला. संधिवात, ऑपरेशननंतरचे दिवस, प्लीहा काढलेली असणं, शरीरात कुठेतरी कर्करोग. हे सगळं बाजूला झालं तर इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, हाही मगजाचाच आजार. प्लेटलेट फारच वाढल्या तर गुठळीबरोबर रक्तस्रावाचीही भीती असते, म्हणून “रक्त पातळ करायला” स्वतःच ॲस्पिरिन चालू करू नका.

एक छोटी टीप. प्लेटलेट खूप असताना पोटॅशियमचा रिपोर्ट खोटाच जास्त येऊ शकतो, कारण नळीत रक्त गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम बाहेर पडतं. डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या.

८. कुणाकडे जायचं, कुठल्या क्रमाने

आधी फॅमिली डॉक्टर, मग एमडी मेडिसिन झालेले फिजिशियन. ते बहुतेक सीआरपी (शरीरात सूज-संसर्ग आहे का ते दाखवणारी), फेरिटिन, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी सांगतील. बहुतेकांचं उत्तर इथेच मिळतं. सगळेच हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाकडे जायला नकोत. साधं कारण सापडलं नाही, आकडे टिकून राहिले किंवा स्मिअरमध्ये काही वेगळं दिसलं, तरच त्यांच्याकडे जा.

सांगलीकरांना मिरज दहा किलोमीटरवर. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून कर्नाटकातलेही पेशंट मिरजेला येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिरजेतच, आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडला कृष्णा. हिमॅटॉलॉजिस्ट काही ठिकाणी ठरावीक वारीच येतात, म्हणून निघण्याआधी फोन करून वार विचारा. हे न करता जतहून पहाटे निघालेले लोक दुपारी रिकामे परतताना दिसतात.

९. खास तपासण्या

जॅक-२ ही जनुकीय तपासणी साध्या रक्तावर होते. पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के पेशंटमध्ये हा बदल सापडतो, इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियात निम्म्याहून थोड्या जास्त पेशंटमध्ये. निगेटिव्ह आला तर थ्रॉम्बोसायथेमियासाठी पुढे सीएएलआर, एमपीएल या दुसऱ्या जनुकांतले बदल बघतात. सीएमएलसाठी बीसीआर-एबीएल ही जनुकीय तपासणी. सोबत एरिथ्रोपोएटिनची पातळी. गरज पडली तर बोनमॅरो, म्हणजे कमरेच्या हाडातून जागा बधिर करून घेतलेला नमुना. दुखतं, पण ऐकिवात असतं तेवढं नाही.

बरीच स्थानिक केंद्रं हे नमुने पुण्या-मुंबईला पाठवतात. किंमत आणि रिपोर्टची तारीख आधी विचारा, दोन ठिकाणी विचारा. ‘जनुकीय’ शब्द ऐकून पोरांची लग्नं अडतील म्हणून रिपोर्ट लपवणारे आहेत. जॅक-२ चा बदल साधारणपणे जन्मानंतर, आयुष्यात कधीतरी त्या माणसाच्या मगजात झालेला असतो. तो बापाकडून पोराकडे जात नाही.

१०. पिशवीत काय हवं

- जुने-नवे सगळे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने, आणि वर तो रकान्यांचा कागद
- चालू औषधांची पाकिटं. नावं पाठ सांगू नका, पाकिटंच न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, पुड्या, प्रोटीन पावडरही त्यात आल्या.
- बिडी-सिगारेट रोज किती, किती वर्षं, याचा खरा आकडा
- सोनोग्राफी, एक्स-रेच्या फिल्म, नुसता टाइप केलेला कागद नव्हे
- स्मिअरची काच, लॅब देत असेल तर. मागितली तर बऱ्याचदा देतात.
- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि त्यांच्या झेरॉक्स

रेशन कार्ड का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी. आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, केस पेपर काढायच्या आधी तिथे जा. ओपीडीतल्या सुरुवातीच्या तपासण्या सहसा यात बसत नाहीत, त्यांचा खर्च धरूनच निघा. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या. आजारी माणूस बाकावर बसवून महा ई-सेवा केंद्र शोधत फिरणं नको.

११. “रक्तदान करून टाका” असं कुणी म्हणालं तर

पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये खरोखरच रक्त काढून टाकतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, रक्तपेढीत, साधारण एक बाटली एका वेळी, हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली येईपर्यंत. सोबत बहुतेकांना कमी मात्रेचं ॲस्पिरिन, काहींना हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे पेशी कमी करणारं औषध. तात्यांचं आता असंच चाललंय. पण हे काढलेलं रक्त कुणाला चढवत नाहीत, नष्ट करतात. म्हणून गणपतीतल्या शिबिरात आजार न सांगता जाऊन झोपणं हा मार्ग नाही. आणि बिडीमुळे किंवा घोरण्यामुळे पेशी वाढल्या असतील तर रक्त काढून मूळ कारण जागेवरच राहतं.

असं रक्त काढलेल्या पेशंटचं लोह कमी होतं आणि थकवा येतो. शेजारपाजारचे लगेच लोहाची गोळी, बीट, खजुराचं सांगतात. लोह मिळालं की मगज पुन्हा पेशी काढायला लागतो. ही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

१२. पुन्हा कधी तपासायचं

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून बिडी सोडल्यावर पंधरा दिवसांत सीबीसी करून “काही फरक नाही” म्हणू नका, दोन-तीन महिने द्या. संसर्गाने वाढलेल्या पांढऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत उतरायला हव्यात. लोह सुरू केल्यावर प्लेटलेट महिना-दीड महिन्यात बघा. पेशी उतरल्या तरी गोळ्या थांबवायच्या की साठा भरेपर्यंत चालू ठेवायच्या, हे डॉक्टरांना विचारा, बहुधा चालू ठेवायला सांगतात. प्रत्येक नव्या रिपोर्टवर पेनाने त्या दिवसाची हकिगत लिहा: ताप होता का, कुठलं औषध चालू होतं, रक्त काढून किती दिवस झाले. ती ओळ नसेल तर सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही.